शेतकरी उत्पादक कंपनीचा ई-मेल पत्ता : मालकी कोणाची?

द्राक्षनिर्यातीचा हंगाम सुरू झाला की मालाच्या कंटेनरआधी त्याची कागदपत्रे प्रवासाला निघतात. कीडनाशकांच्या उर्वरित अंशांचा तपासणी अहवाल, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, बीजक आणि बँक खात्याचा तपशील यांची देवाणघेवाण मोठ्या प्रमाणावर ई-मेलद्वारेच होते. २००३ साली भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपीय बाजारपेठेत मोठा फटका बसला. त्यानंतर अपेडाने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही मागोवा प्रणाली सुरू केली. तेव्हापासून प्रत्येक पेटीमागे बागेची नोंद आणि प्रयोगशाळेचा अहवाल असणे अनिवार्य ठरले.

एवढी काटेकोर कागदपत्रे अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या मात्र एखाद्या संचालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या वैयक्तिक, मोफत ई-मेल खात्यावरून पाठवितात. ती व्यक्ती पद सोडून गेली की खरेदीदारांशी झालेला सर्व पत्रव्यवहारही तिच्याबरोबर जातो. कंपनी सभासदांची, परंतु तिचा पत्ता एका व्यक्तीचा, अशी ही विसंगती आहे.

जमीन आणि गोदाम

ई-मेल पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हानंतरचा भाग म्हणजे डोमेन. त्याची तुलना जमिनीशी करता येईल. सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याची जमीन, तसेच नोंदणीत ज्याचे नाव त्याचे डोमेन. पत्रे साठविणारी मेल सेवा ही भाड्याच्या गोदामासारखी असते. गोदाम गैरसोयीचे वाटल्यास दुसरे घेता येते आणि पत्ता तोच राहतो. मोफत वैयक्तिक खात्यात मात्र जमीनही दुसऱ्याची आणि गोदामही दुसऱ्याचे असते.

भारताचे ‘डॉट इन’ हे डोमेन १९८९ पासून अस्तित्वात आहे. २००५ पासून त्याचे व्यवस्थापन ‘निक्सी’ ही संस्था करते. या संस्थेच्या अधिकृत नोंदणीकारांमार्फत सामान्यतः वर्षाला काही शे ते हजार-बाराशे रुपयांत डोमेन मिळू शकते.

चेन्नईतील एक पर्याय

अशी ‘गोदामे’ भाड्याने देणाऱ्यांमध्ये गुगल व मायक्रोसॉफ्ट यांच्याबरोबर चेन्नई येथील झोहो कॉर्पोरेशनचाही समावेश होतो. १९९६ मध्ये ‘ॲडव्हेंटनेट’ या नावाने स्थापन झालेल्या या कंपनीने २००८ मध्ये झोहो मेल ही सेवा आणली आणि २००९ मध्ये सध्याचे नाव धारण केले. बाहेरील गुंतवणूकदारांचे भांडवल न घेता ती वाढली. चेन्नईलगतच्या मुख्य संकुलाखेरीज तमिळनाडूच्या ग्रामीण भागात, तेनकासीजवळही तिचे कार्यालय आहे. स्वतःच्या डोमेनसह मर्यादित खात्यांसाठी मोफत योजना हे या सेवेचे एक वैशिष्ट्य राहिले आहे. योजनांच्या अटी बदलत असल्याने नोंदणीपूर्वी त्या तपासाव्यात. सेवा कोणतीही निवडली, तरी पुढील क्रम सारखाच राहतो.

खाते उभारण्याचा क्रम

१. डोमेनचे नाव लहान व दूरध्वनीवर सांगितले असता चुकीचे लिहिले जाणार नाही असे असावे. नोंदणी कंपनीच्या नावाने करावी. संकेतस्थळ तयार करणाऱ्याच्या किंवा कर्मचाऱ्याच्या नावाने ती कदापि करू नये.

२. मेल सेवेत डोमेन नोंदवून मालकी सिद्ध करावी. त्यासाठी सेवेने दिलेली सांकेतिक ओळ डोमेनच्या डीएनएस नोंदींत भरावी लागते.

३. एमएक्स नोंद बदलावी. कंपनीच्या नावे आलेली पत्रे कोणत्या गोदामात उतरवायची, हे ही नोंद ठरविते. जुन्या सेवेच्या एमएक्स नोंदी काढून टाकाव्यात, अन्यथा काही पत्रे जुन्या ठिकाणी जात राहतात. बदल सर्वत्र पोहोचण्यास ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून हे काम ऐन हंगामात करू नये.

४. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तीन नोंदी पूर्ण कराव्यात.

५. निर्यात, लेखा, संपर्क अशी पदनिहाय खाती उघडावीत आणि प्रत्येक खात्यास द्विस्तरीय पडताळणी लावावी. मुख्य प्रशासक खात्याचा ताबा किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा.

पोळ्याच्या दारावरील पहारा

चौथ्या पायरीचे महत्त्व मधमाश्यांच्या पोळ्यावरून समजू शकते. पोळ्याच्या दारावरील पहारेकरी माश्या येणाऱ्या माशीला शृंगिकांनी स्पर्श करून तिच्या शरीरावरील गंध ओळखतात. परक्या वसाहतीतील माशीला सहसा प्रवेश मिळत नाही. एसपीएफ नोंद कंपनीच्या वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे जाहीर करते. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर डिजिटल स्वाक्षरी उमटविते. या कसोट्यांवर न उतरलेल्या पत्राचे काय करावे, हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांना या तिन्ही बाबी बंधनकारक केल्या आहेत.

तथापि कोणताही पहारा अभेद्य नसतो. ॲकेरोंशिया प्रजातीतील एका पतंगाच्या शरीरावर मधमाश्यांसारखीच रासायनिक द्रव्ये असतात आणि त्या आवरणाखाली तो पोळ्यात शिरून मध पितो. ई-मेलमधील ठकही एका अक्षराचा फरक असलेले डोमेन घेतात किंवा खऱ्या खात्याचाच ताबा मिळवितात. नंतर ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र खरेदीदारास जाते आणि हंगामाची रक्कम भलत्याच खात्यात जमा होते. अशा वेळी तांत्रिक नोंदी पुरेशा ठरत नाहीत. बँक खात्यातील कोणताही बदल पूर्वीपासून माहीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर बोलल्याशिवाय ग्राह्य धरू नये, असे खरेदीदारांना करारातच कळवावे. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर व बँकेकडे तक्रार नोंदवावी.

नूतनीकरणाचा विसर नको

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. मुदत संपूनही नूतनीकरण न झाल्यास ते कालांतराने दुसऱ्या कोणालाही घेता येते. नव्या मालकाने तेथे मेल सेवा सुरू केली, तर कंपनीच्या नावे येणारी पत्रे त्याच्या हाती पडू शकतात. म्हणून नोंदणी अनेक वर्षांसाठी करावी आणि नूतनीकरणाची तारीख संचालक मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवावी. नवा पत्ता बँक, अपेडा, प्रयोगशाळा व खरेदीदारांना लेखी कळवून जुने खाते किमान एक हंगाम चालू ठेवावे.

बांधाची खूण पुसट झाली की वाद सुरू होतात, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. डोमेनची नोंद हाही एक बांधच आहे आणि तो कंपनीच्या नावावर आहे की नाही, हे पुढील हंगामापूर्वी एकदा तपासून पाहणे हिताचे ठरेल.