विश्लेषण : युक्रेनच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात परदेशी स्वयंसेवक कसे राहतात, काय करतात?

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर अनेक देशांतील सामान्य नागरिक स्वयंसेवक म्हणून तिथे पोहोचले. काही जण आठवड्याभरात परतले, तर काहींनी पूर्ण हिवाळा तिथेच काढला. उणे तापमान, तासन्‌तास वीज नाही, रात्री भोंगे आणि दिवसभर कष्टाचे, प्रसिद्धी न मिळणारे काम. परक्या देशातील या वास्तव्याचे स्वरूप काय असते? त्याचा स्थानिकांना खरोखर उपयोग होतो का? आणि त्यात जोखीम किती?

हिवाळा हेच शस्त्र कसे झाले?

युक्रेनच्या वीज यंत्रणेवर रशियाचे पद्धतशीर हल्ले १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाले. थंडी सुरू होण्याच्या तोंडावरच वीज केंद्रे, उपकेंद्रे आणि ट्रान्सफॉर्मर क्षेपणास्त्रे व ड्रोनचे लक्ष्य ठरले. २३ नोव्हेंबर २०२२ च्या मोठ्या हल्ल्यानंतर अणुऊर्जा प्रकल्पही ग्रिडपासून तुटले आणि देशाचा बराच भाग अंधारात गेला. २०२४ च्या वसंत ऋतूतील हल्ल्यांत सुमारे ९ गिगावॉट वीजनिर्मिती क्षमता गमावल्याचे युक्रेनने जाहीर केले. कीव्हजवळचे त्रिपिल्स्का औष्णिक केंद्र एप्रिल २०२४ मध्ये उद्ध्वस्त झाले. जानेवारी २०२६ मधील एका हल्ल्यानंतर कीव्हमधील जवळपास सहा हजार निवासी इमारती उष्णतेविना राहिल्या. ज्यांना शक्य आहे त्यांनी काही काळ शहराबाहेर जावे, असे आवाहन महापौर विताली क्लिच्को यांना करावे लागले.

वीज यंत्रणेवरील या हल्ल्यांची दखल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानेही घेतली. २०२२-२३ च्या हिवाळ्यातील हल्ल्यांप्रकरणी मार्च २०२४ मध्ये दोन रशियन कमांडरांविरुद्ध, तर जून २०२४ मध्ये माजी संरक्षणमंत्री सर्गेई शोइगू आणि लष्करप्रमुख वालेरी गेरासिमोव्ह यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढण्यात आले. रशियाने आरोप फेटाळले आहेत.

वीज गेली की घर का गोठते?

महाराष्ट्रात भारनियमन झाले की पंखा बंद पडतो, उकाड्याने जीव हैराण होतो. युक्रेनमध्ये मात्र वीज जाणे म्हणजे उष्णता, पाणी आणि लिफ्ट एकदम बंद होणे. तिथल्या शहरांत सोव्हिएत काळापासून सामायिक उष्णता यंत्रणा आहे. मोठ्या केंद्रात पाणी तापवले जाते. ते जमिनीखालच्या नळांतून हजारो घरांतील रेडिएटरपर्यंत खेळवले जाते. सलग तीन दिवस सरासरी तापमान आठ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उष्णतेचा हंगाम सुरू होतो. घरातील बटण दाबून ही यंत्रणा सुरू करता येत नाही.

केंद्रावर हल्ला झाला किंवा पंपांची वीज गेली, की नळांतील गरम पाणी थांबते. कडाक्याच्या थंडीत ते गोठले तर नळ फुटतात. म्हणून अनेकदा संपूर्ण इमारतीचे पाणी काढून टाकावे लागते. युद्धापूर्वी, जानेवारी २००६ मध्ये पूर्व युक्रेनमधील आल्चेव्हस्क शहरात नळ गोठून यंत्रणा कोलमडली होती. तेव्हा एका बिघाडाने जे घडले, ते आता हल्ल्यांमुळे वारंवार घडण्याची भीती असते.

उंच इमारतींत पंप बंद पडल्याने वरच्या मजल्यांवर पाणी चढत नाही. २०२२ च्या हिवाळ्यात अनेक इमारतींच्या रहिवाशांनी लिफ्टमध्ये पाण्याची बाटली, बिस्किटे आणि बॅटरी असलेले खोके ठेवायला सुरुवात केली. अचानक वीज जाऊन कोणी अडकले तर उपयोगी पडावे, एवढाच हेतू.

स्वयंसेवक तिथे पोहोचतात कसे?

नागरी विमानांसाठी युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. बहुतेक जण पोलंडमधील प्शेमिशल या सीमेजवळच्या शहरातून रेल्वेने ल्विव्ह किंवा कीव्हला जातात. युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका अशा देशांच्या नागरिकांना १८० दिवसांच्या काळात ९० दिवस व्हिसाविना राहता येते. त्याहून अधिक राहायचे तर नोंदणीकृत संस्थेमार्फत दीर्घकालीन व्हिसा आणि तात्पुरता निवास परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे अनेकांचे वास्तव्य तीन महिन्यांचे, म्हणजे साधारण एका हिवाळ्याएवढे असते.

स्वयंसेवक आणि परदेशी सैनिक यांत गल्लत केली जाते. युक्रेनने फेब्रुवारी २०२२ अखेरीस परदेशी नागरिकांसाठी आंतरराष्ट्रीय लीजन स्थापन केले. तो लष्कराचा भाग होता. स्वयंसेवक शस्त्र हाती घेत नाहीत. बहुतेकांना पगारही नसतो. प्रवास, भाडे आणि जेवणाचा खर्च ते बचतीतून किंवा देणग्यांतून भागवतात.

रोजचे जगणे कसे असते?

डिसेंबरअखेर कीव्हमध्ये सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. दिवस जेमतेम आठ तासांचा. त्यामुळे पहिली सवय लावून घ्यावी लागते ती वीज वेळापत्रकाची. शहर गटांत विभागलेले असते आणि कोणत्या गटाची वीज कधी जाणार हे मोबाइलवर कळते. वीज आली की, मध्यरात्र असली तरी, पॉवर बँक लावणे, पाणी भरून ठेवणे, कपडे धुणे आणि स्वयंपाक उरकून घ्यावा लागतो. मोठा हल्ला झाला की वेळापत्रक रद्द होते आणि आपत्कालीन कपात सुरू होते.

दुसरी सवय भोंग्यांची. हवाई हल्ल्याचा इशारा मोबाइल ॲपवर वाजतो. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत ‘स्टार वॉर्स’फेम अभिनेते मार्क हॅमिल यांचा आवाज आहे. इशारा मिळताच मेट्रो स्थानक किंवा तळघरात जायचे. ते शक्य नसेल तर ‘दोन भिंतींचा नियम’ पाळायचा. म्हणजे आपण आणि बाहेरचा रस्ता यांच्यामध्ये किमान दोन भिंती हव्यात, जवळ खिडकी नको. त्यामुळे अनेकांच्या रात्री घरातील बोळात किंवा न्हाणीघरात अंथरूण टाकून जातात. कीव्हमध्ये मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत संचारबंदी असते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

घर फारच गार पडले तर ‘अजिंक्य केंद्रे’ असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने सुरू केलेल्या या केंद्रांत ऊब, गरम चहा, पाणी, चार्जिंग आणि इंटरनेट मोफत मिळते. शाळा, सरकारी कार्यालये, रेल्वे स्थानके आणि तंबूंतही ती चालतात. शेजारची आजी, गृहपाठ करणारी मुले आणि परदेशी स्वयंसेवक तिथे एकाच चार्जिंग बोर्डाभोवती बसलेले दिसतात.

नेमकी कामे कोणती?

सर्वाधिक हात लागतात ते साध्या कामांना. ल्विव्हमधील ‘ल्विव्ह व्हॉलंटिअर किचन’मध्ये भाज्या सोलून, चिरून, वाळवून सैनिकांसाठी जेवणाची पाकिटे तयार होतात. गरम पाणी ओतले की त्यातून बोर्श्त, म्हणजे बिटाचे सूप तयार होते. या स्वयंपाकघरात परदेशी स्वयंसेवकांनाही सामील करून घेतले जाते. भाषा येत नसली तरी कांदा सोलता येतो, त्यामुळे नवख्यांची सुरुवात अनेकदा इथूनच होते.

शाळा आणि वाचनालयांत लाकडी चौकटीवर जाळे ताणून त्यात कापडाच्या पट्ट्या ओवल्या जातात. ही लष्करासाठीची छद्मजाळी असतात. बर्फाच्या दिवसांत हिरव्याऐवजी पांढऱ्या पट्ट्या लागतात. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्याची गुंडाळी बसवून त्यावर वितळलेले मेण ओतले, की ‘खंदकातील मेणबत्ती’ तयार होते. तिच्यावर पाणी तापवता येते, हात शेकता येतात. ‘बुर्झुयका’ ही धुराडे असलेली लोखंडी शेगडीही पुन्हा वापरात आली आहे. स्वयंसेवकांचे गट ती वेल्डिंग करून बनवतात आणि सरपणासह आघाडीजवळच्या गावांत पोहोचवतात.

गाडी चालवता येणारे स्वयंसेवक औषधे, जनरेटर, ब्लँकेट पोहोचवतात. प्रशिक्षित असलेले काही जण आघाडीलगतच्या गावांतून वृद्धांना बाहेर काढतात. हे काम सर्वांत अवघड. उबदार चूल आणि पाळलेली गाय सोडून अनोळखी शहरात जायला अनेक वृद्ध तयार नसतात. त्यांची समजूत काढायला एकाच घरी अनेक खेपा माराव्या लागतात.

खिडकीचे उदाहरण महत्त्वाचे का?

स्फोट दूर झाला तरी त्याच्या धक्क्याने आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटतात. भिंती शाबूत राहिल्या तरी तावदाने नसलेले घर हिवाळ्यात राहण्याजोगे उरत नाही. नवी काच महाग पडते, बसवायला वेळ लागतो आणि पुढच्या स्फोटात तीही फुटते. प्लायवूड ठोकले तर वारा अडतो, पण खोलीत दिवसाही काळोख होतो.

केंब्रिज विद्यापीठातील एका संशोधक विद्यार्थ्याने यावर उपाय शोधला. पॉलिथिनचे अनेक थर, पीव्हीसी नळ्या, नळांना गुंडाळतात तो फोम आणि चिकटपट्टी एवढ्याच साहित्यातून त्याने खिडकी बनवली. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, प्रकाश आत येतो आणि धक्का बसला तरी तुकडे उडत नाहीत. ‘इन्सुलेट युक्रेन’ या नावाने हे काम इझ्युमसारख्या उद्ध्वस्त शहरांत सुरू झाले. विशेष म्हणजे या खिडक्या बसवायला स्थानिकांनाच शिकवण्यात आले. पाहुणा निघून गेला तरी काम चालू राहते, हे या प्रयत्नाचे खरे यश.

धोका किती मोठा?

धोका खराच आहे. जानेवारी २०२३ मध्ये सोलेदारमधून एका वृद्धेला बाहेर काढण्यासाठी गेलेले दोन ब्रिटिश स्वयंसेवक मारले गेले. २ फेब्रुवारी २०२३ रोजी बाखमुतमध्ये जखमींना मदत करताना एका अमेरिकी स्वयंसेवी आरोग्यसेवकाचा मृत्यू झाला. रस्त्यावर बर्फ असतो, ड्रोनच्या भीतीने काही ठिकाणी गाडीचे दिवे लावता येत नाहीत. बर्फाखाली सुरुंग किंवा न फुटलेला दारूगोळा असू शकतो. बहुतेक साध्या प्रवास विम्यांत युद्धामुळे झालेली हानी धरली जात नाही.

घरातही धोका असतोच. ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत गॅस पेटवून ठेवणे किंवा जनरेटर आत चालवणे कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते. भोंगे, अपुरी झोप आणि सततचा अंधार यांचा मनावर होणारा परिणाम अनेकांना घरी परतल्यावर जाणवतो.

मदत की ओझे?

हा प्रश्न स्वयंसेवी संस्थाच विचारतात. बाहेरून आलेल्या माणसालाही गरम खोली, वीज आणि अन्न लागते. निवाऱ्यात तोही जागा घेतो. तयारी, भाषा किंवा संस्थेचा आधार नसताना आलेला उत्साही माणूस अडकला, तर त्याला वाचवायला इतरांना जीव धोक्यात घालावा लागतो. म्हणूनच स्थानिक संस्थेशी आधीच बोलणे, तिला हवे तेच काम करणे, आघाडीकडे धाव न घेणे आणि लोकांचे दुःख परवानगीशिवाय मोबाइलवर न टिपणे ही शिस्त आवश्यक ठरते.

मदतकार्याचा कणा मात्र युक्रेनचे नागरिकच आहेत. २०१४ पासून तिथे स्वयंसेवेची भक्कम फळी उभी राहिली आहे. परदेशी पाहुण्याला तीन महिन्यांनी घरी जाता येते. त्याच्या शेजारी बसून जाळे विणणाऱ्या बाईला तो पर्याय नसतो. ज्यांना हा फरक समजतो, ते फर्मान सोडत नाहीत, सांगितलेले काम करतात. अनेक संस्थांना त्यांची गरज असते, कारण कंटाळवाण्या कामाला रोज वेळेवर येणारा माणूस हिवाळ्यात मोलाचा असतो.

भारतीयांनी जावे का?

युद्ध सुरू झाल्यावर ‘ऑपरेशन गंगा’ आणि त्याआधीच्या विमानांतून सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी परतले. त्यात महाराष्ट्रातील वैद्यकीय विद्यार्थीही होते. वीज यंत्रणेवर हल्ले सुरू झाल्यावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये, कीव्हमधील भारतीय दूतावासाने युक्रेनला प्रवास करू नये आणि तिथे असलेल्यांनी देश सोडावा, अशी सूचना केली. भारतीयांना युक्रेनसाठी व्हिसा लागतो. त्यामुळे पोलंडपर्यंत जाऊन पुढे रेल्वे पकडण्याचा युरोपीयांचा सोपा मार्ग भारतीयांसाठी नाही.

जाण्याचा विचार करणाऱ्याने दूतावासाची ताजी सूचना, संस्थेची नोंदणी, विम्याच्या अटी आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण या चार गोष्टी आधी तपासाव्यात. यांपैकी एकही कच्ची असेल तर जनरेटर, औषधे किंवा खिडक्यांसाठी विश्वासार्ह संस्थेला पैसे देणे अधिक उपयोगाचे. एक माणूस तिथे पोहोचवण्याच्या खर्चात तिथल्या काही घरांच्या खिडक्या झाकता येतात.