लॉजच्या टीव्हीसाठी सॅटेलाइट कार्ड: आधी ड्रायव्हर बघा, मग किंमत

मागच्या व्हिडिओत आपण लॉज आणि गेस्ट हाऊसला टीव्ही सिस्टिम लावून देण्याच्या धंद्याबद्दल बोललो. त्यात सॅटेलाइट कार्डाचा भाग मी दोन मिनिटांत उरकला, आणि खरं तर पैसा तिथेच अडकतो. माझाही अडकला होता, म्हणून इथे नीट लिहितो.

आधी काम काय ते बघा. आपल्या पनवेलमध्ये पळस्पे फाट्यापासून स्टेशनपर्यंत छोटे लॉज भरपूर. मालकाला प्रत्येक खोलीत वेगळा सेट टॉप बॉक्स नको असतो, कारण रिमोट हरवतात आणि अडॅप्टर जळतात. मग गच्चीवर एकच डिश लावायची. खाली रास्पबेरी पायसारखा छोटा लिनक्स कॉम्प्युटर, त्याला सॅटेलाइट कार्ड, त्यावर टीव्हीहेडएंड हे मोफत सॉफ्टवेअर. तिथून नेटवर्कच्या वायरीने खोल्यांमधल्या स्मार्ट टीव्हीवर चॅनेल जातात. बहुतेक मालकांना डीडी फ्री डिश पुरतं. 2004 साली डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली ही सेवा, महिन्याचं भाडं नाही.

माझं पहिलं काम 14 खोल्यांचं होतं. विकणारा म्हणाला, 'लिनक्सवर चालतं', आणि चाललंही. मग एका शनिवारी रात्री सिस्टिम अपडेट झाली, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभाच बदलला, आणि 14 टीव्ही बंद. त्या बॉक्सचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हताच. बनवणाऱ्याने तो वेगळा दिला होता आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो परत कंपाइल करावा लागत होता. रात्री दोन वाजता जाऊन मी जुना कर्नल परत टाकला. मालकाने शेवटचा हप्ता कापला. बरोबरच होतं त्याचं.

म्हणून आता माझा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आहे का, हे मी आधी विचारतो. विकणाऱ्याला बॉक्सचं नाव विचारू नका, आतली चिप आणि बॉक्सचं व्हर्जन विचारा, कारण नाव तेच ठेवून आतली चिप बदलणारे आहेत. मग लिनक्सटीव्हीच्या विकीवर ती चिप शोधा. काही चिपांना फर्मवेअरची वेगळी फाइलही लागते. ती नसेल तर बॉक्स ओळखला जातो, पण चॅनेल एकही सापडत नाही, आणि आपण उगाच डिश हलवत बसतो.

दुसरी फसवणूक नावात असते. स्वस्तात मिळणाऱ्या डीव्हीबी-टी2 स्टिक जमिनीवरच्या टॉवरच्या सिग्नलसाठी असतात, त्यांना डिशची वायर लावून काही होत नाही. आपल्याला डीव्हीबी-एस2 हवं. ते जुनं डीव्हीबी-एसही वाचतं, त्यामुळे नुसतं 'एस' घेऊन पैसे वाचवू नका.

कार्ड की बॉक्स? पाय 4 ला डेस्कटॉपसारखा कार्डाचा स्लॉट नाही. पाय 5 ला पीसीआयईची पट्टी आहे, पण मध्ये अडॅप्टर आणि वेगळी पॉवर लागते. सुरुवात करणाऱ्याने यूएसबी बॉक्सच घ्यावा, आणि तोही स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा. हिशोब सोपा आहे. साधा यूएसबी 2 पोर्ट 5 व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो. डिशवरच्या एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट लागतात. 18 व्होल्टला 200 मिलिअँपिअर धरले तरी साडेतीन वॅटच्या वर जातं.

आता मुद्दा जिथे कोटेशन बिघडतं: ट्यूनर किती? मालक म्हणतो, 14 खोल्या म्हणजे 14 ट्यूनर. तसं नाही हो! एक ट्यूनर एका वेळी एक फ्रिक्वेन्सी पकडतो, पण त्या फ्रिक्वेन्सीवरचे सगळे चॅनेल एकत्रच येतात, आणि ते कितीही खोल्यांना वाटता येतात. म्हणून मालकाकडून हव्या असलेल्या चॅनेलची यादी घ्या, ते किती फ्रिक्वेन्सींवर आहेत ते मोजा, तेवढे ट्यूनर. माझ्या त्या लॉजला चार पुरले. फक्त दोन ट्यूनर असतील तर ट्विन आणि चार असतील तर क्वाड एलएनबी घ्या. नाहीतर एकाने पोलरायझेशन बदललं की दुसऱ्याचे चॅनेल जातात. एका फ्रिक्वेन्सीवरून साधारण 40 मेगाबिटचा प्रवाह येतो, त्यामुळे जुना 100 मेगाबिटचा स्विच काढून गिगाबिटचा टाका.

डिशबद्दल थोडंच. फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. पनवेलहून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 58 अंश वर बघायचं. इतक्या उंचीवर डोंगर आडवे येत नाहीत, शेजारचा नवा टॉवर येऊ शकतो. आणि केयू बँड आपल्या जुलैच्या पावसात मार खातो. डिश एक साइज मोठी लावा, म्हणजे पावसात कार्डाला शिव्या पडणार नाहीत.

कायद्याचं आधीच बोलून घ्या. घरगुती डीटीएच कनेक्शनचे पैसे देऊन बघायचे चॅनेल लॉजभर वाटायचे नाहीत, मालकाने कितीही आग्रह केला तरी. फ्री डिशचे चॅनेल मोफत आहेत म्हणून ते धंद्यात वाटायची परवानगी आपोआप मिळाली, असंही धरू नका. एखाद्या वकिलाला किंवा सल्लागाराला विचारून लेखी घ्या. वायर शेजारच्या घरांपर्यंत नेऊन पैसे घेतलेत तर तुम्ही केबल ऑपरेटर झालात, मग 1995 च्या केबल कायद्याखाली नोंदणी हवी.

कोटेशनमध्ये मी आता दोन ओळी जास्त टाकतो: ऑटोमॅटिक अपडेट बंद राहील, आणि चालू सिस्टिमची कॉपी असलेलं एक जादा मेमरी कार्ड सोबत मिळेल. त्या 14 खोल्यांच्या लॉजमध्ये ते कार्ड काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पाकिटात ठेवलंय, आणि ते कसं बदलायचं हे रात्रपाळीच्या मुलाला मी दोनदा करायला लावून दाखवलंय.