सांग्रोकाठी कोलाब्याचे गाव

रोम पाहून झाले की आपली मंडळी फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी उत्तरेची वाट धरतात. आम्ही मात्र आगगाडीने आपेनाइन डोंगर ओलांडून पूर्वेला, एड्रियाटिक समुद्राकाठच्या पेस्कारा शहरात उतरलो. व्हेनिस हुकल्याचा सौ.चा राग अजून पुरता ओसरलेला नाही.

आमचे कारण निराळे होते. मी महाड तालुक्यातल्या नात्याचा. रायगडाच्या वाटेवरचे हे गाव चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव म्हणून जाणत्यांना ठाऊक असते. पहिल्या महायुद्धात शंभरावर जवान धाडणारे फौजी आंबवडे याच तालुक्यातले. या मुलखात पलटणीत जाणे ही रीतच. शेजारच्या आक्कांचे वडील असेच गेले आणि १९४३च्या नोव्हेंबरात इटलीत पडले. आक्का तेव्हा पाळण्यात होत्या. मी निघालो हे कळताच म्हणाल्या, "भाऊ, आमच्या आबांची जागा बघून ये. मूठभर माती आण."

हा किनारा श्रीवर्धन-हरिहरेश्वर पाहिलेल्या माणसाला परका वाटत नाही. ऊन लख्ख, पण अंगाला घाम नाही. डोंगरउतारावर काजूऐवजी ऑलिव्ह आणि द्राक्षांचे मळे. कोळ्यांनी समुद्रात खांब रोवून लाकडी माचणे बांधली आहेत आणि लांब दांड्यांना जाळी टांगली आहेत. त्यांना तिथे त्राबोक्की म्हणतात.

ओर्तोना या जुन्या बंदराच्या देवळात सेंट थॉमसच्या अस्थी १२५८पासून आहेत, अशी तिथली श्रद्धा. हिंदुस्थानात धर्म सांगायला आला असे मानतात, तोच हा थॉमस. १९४३च्या डिसेंबरात ऐन नाताळात जर्मन आणि कॅनेडियन याच गावात घराघरांतून झुंजले. हे देऊळही तेव्हा ढासळले. आज दिसते ते पुन्हा उभारलेले.

दक्षिणेला थोडे गेले की सांग्रो नदी. सप्टेंबरात तारांतोला उतरलेले आठवे हिंदी डिव्हिजन त्या नोव्हेंबरात इथे भिडले. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन त्यातच होती. पावसाने नदी फुगली आणि लष्कराने टाकलेले पूल वाहून गेले. २०२१च्या जुलैत महाडात सावित्रीचे रूप ज्यांनी पाहिले, त्यांना यावर अधिक सांगायला नको.

नदीजवळच्या टेकडीवर युद्धस्मशान आहे. अडीच हजारांवर कबरी, ओळीने पांढरे दगड, मधे फुलझाडे, समोर निळा समुद्र. हिंदी सैनिकांपैकी ज्यांचे दहन झाले अशा पाचशेहून अधिक जणांची नावे तिथल्या एका स्मारकावर कोरली आहेत. आबा तिथेच सापडले. पण दहन झालेल्या माणसाची माती कुठली उचलावी?

तेवढ्यात सौ.ला नोंदवही दिसली. एकेका नावापुढे बापाचे नाव, बायकोचे नाव, गाव. आबांच्या ओळीत आक्कांच्या आईचे नाव छापलेले होते, गावाखाली 'कोलाबा, इंडिया'. जिल्ह्याचे नाव १९८१मध्ये रायगड झाले, पण वही जुन्या शब्दाला धरून आहे. त्या पानाचा फोटो मी आक्कांना दिला. आबांच्या नावावर त्या फारशा थांबल्या नाहीत. आईच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "हिचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठंच नव्हतं हो."

पळसगावचे नाईक यशवंत घाडगे आमच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात सगळी तुकडी पडल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनवर चाल केली आणि तिथेच देह ठेवला. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच जुलैत चिंतामणराव अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत जगाच्या पैशाची घडी बसवायला बसले होते! घाडग्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, माणगावात पुतळा आहे आणि माँतोने गावाने २०२३मध्ये त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारले. आमची सुटी संपल्यामुळे माँतोने राहिले.

कुणाच्या घरचे असे कोणी गेले असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर घरबसल्या नाव शोधता येते. मात्र इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी लिहून पाहावे. आबांचे आडनाव त्या गोऱ्या कारकुनाने असे काही लिहिले होते, की आम्ही दोनदा त्यावरून पुढे गेलो होतो.