वाहनास वेल्डिंग करतांना विजेच्या व्यवस्थेची काळजी

भोकरदन तालुक्यांतील पिंपळगाव रेणुकाई येथील हिरव्या मिरचीचा बाजार आमच्या वाचकांस परिचित आहेच. मिरची ताजी विकली तरच भाव येतो. म्हणून ऐन हंगामांत ट्रॅक्टर किंवा पिकअप गाडी अडून राहिली, तर शेतकऱ्याचें दुहेरी नुकसान होतें. चासीस तडा गेला किंवा हुक निखळला, म्हणजे आपण वेल्डिंगवाल्याकडे धांव घेतों. लोखंड जुळतें, पण कधीं कधीं त्यानंतर बॅटरी भरेनाशी होते, किंवा गाडी सुरूच होत नाहीं. असें कां व्हावें?

वाहनाची विजेची व्यवस्था बहुधा १२ व्होल्टची असते. वेल्डिंगचा प्रवाह मात्र शंभर अँपियरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो. गाडीचा लोखंडी सांगाडा हाच तिच्या विजेचा परतीचा मार्ग असल्यामुळें, अर्थचा चिमटा दूर लावल्यास हा प्रवाह तारांतून, बेअरिंगांतून, जिकडे वाट मिळेल तिकडे शिरतो. आल्टरनेटरमधील डायोड नाजूक असतात. ते जळले कीं बॅटरी भरणें थांबतें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची वाहनें आलीं, आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस नवे धूर-नियम लागू झाले. अशा इंजिनांत डिझेल केव्हां व किती सोडावें, हें बहुधा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. तो बिघडल्यास त्याचा खर्च वेल्डिंगच्या मजुरीच्या कित्येक पट होतो.

सर्वांत सोपा उपाय असा कीं, ट्रॉली किंवा अवजार यांचें काम असेल, तर तें ट्रॅक्टरपासून सोडवून दूर नेऊन करावें. गाडीवरच काम करणें भाग असेल, तर किल्ली बंद करून काढून घ्यावी व कांहीं मिनिटें थांबावें. मग बॅटरीची ऋण तार आधीं व धन तार नंतर सोडावी. धन तार आधीं सोडतांना पाना सांगाड्यास लागला, तर ठिणगी उडते. सुटलेलीं टोकें अलग बांधून ठेवावींत. एवढ्यानें पूर्ण संरक्षण मात्र होत नाहीं. कारण नियंत्रकाची एक तार सांगाड्यास जोडलेलीच असते. यास्तव कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणें नियंत्रक व आल्टरनेटर यांचे प्लगही काढावेत.

अर्थचा चिमटा ज्या भागास जोड द्यावयाचा त्याच भागास, जोडाच्या अगदीं जवळ, रंग व गंज खरवडून लावावा. चिमटा आणि जोड यांच्यामध्यें बेअरिंग किंवा बिजागर येऊं देऊं नये. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें भडकतो. म्हणून जवळ काम असल्यास बॅटरीच उतरवावी. डिझेलची टाकी, नळ्या व तारा आंचेपासून दूर ठेवाव्यात आणि वाळूची बादली हाताशीं असावी.

काम झाल्यावर लोखंड निवूं द्यावें, प्लग बसवावेत, धन तार आधीं व ऋण तार शेवटीं जोडावी.

ह्या साऱ्यास फार तर अर्धा तास लागतो. वेल्डिंगवाला घाईंत असला, तरी रॉड टेकण्यापूर्वीं मालकानें स्वतः उभें राहून हीं कामें करवून घ्यावींत, अशी आमची सर्व बांधवांस आग्रहाची सूचना आहे.