वय कागदावरचं, वय मैदानावरचं

भातकापणी उरकते, मळणी होऊन भात घरात येतं आणि रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात कबड्डीचा मोसम सुरू होतो. कुंभिवलीपासून कर्जतच्या टोकाच्या वाड्यांपर्यंत कुठेही जा, संध्याकाळी एखादं मैदान तयार होताना दिसेल. माती खणून खडे वेचलेले असतात, पाणी मारून जमीन चोपलेली असते, फक्कीच्या रेषा पडलेल्या असतात आणि बांबूंवर दिवे चढत असतात. मैदानाच्या कडेला एक टेबल. त्यावर संघांची यादी, बाजूला वजनकाटा. पंचावन्न किलोच्या गटात खेळायला आलेल्या पोराचं वजन काट्यावर छप्पन्न भरतं. मग तो बनियन काढून पुन्हा उभा राहतो, तरी काटा हलत नाही. मंडळाचा कार्यकर्ता सांगतो, "जा, मैदानाला दहा फेऱ्या मार नि ये." पोरगा सकाळपासून जेवलेला नसतो. तो धावत सुटतो.

टेबलावर त्याच्या नावापुढे दोन गोष्टी लिहिल्या जातात, जन्मतारीख आणि वजन. याच मातीतून एखादा पोरगा पुढे प्रो कबड्डीच्या लिलावापर्यंत पोचतो आणि शेकडो पोचत नाहीत. पोचण्या-न पोचण्यात वयाचा वाटा किती आणि घरादाराचा किती, हे त्या दोन आकड्यांवरून कळत नाही.

प्रो कबड्डी लीग सुरू झाली २०१४ साली. पहिल्या लिलावात सगळ्यात महागडा खेळाडू ठरला राकेश कुमार. पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं तेव्हा त्याने बत्तिशी गाठली होती. पहिल्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार, तोही तिशीतला. संघमालकांना तेव्हा नाव असलेला, भारतासाठी खेळलेला, अनुभवी गडी हवा होता. पुढच्या नऊ वर्षांत सगळं पालटलं. २०२३च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. याच काळात लीगने लिलावाला एक वेगळं दारही जोडलं. अठरा-वीसच्या आसपासची नवखी पोरं निवड चाचण्यांतून हेरायची, 'नवे युवा खेळाडू' म्हणून कमी पैशांत संघात घ्यायची आणि तयार करायची. संघांना यात फायदा उघड दिसतो. तिशीतल्या गड्याकडून दोन-तीन मोसम मिळतात, अठराच्या पोराकडून दहा मिळू शकतात.

या दारातून आलेला सगळ्यात गाजलेला खेळाडू म्हणजे तेव्हा दबंग दिल्लीत असलेला नवीन कुमार. जन्म २०००चा, पदार्पण २०१८ मध्ये, वय अठरा. सातव्या आणि आठव्या अशा लागोपाठच्या दोन मोसमांत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि आठव्या मोसमात दिल्लीने विजेतेपद मिळवलं. पण त्यानंतर गुडघ्याने त्याला सारखा त्रास दिला. प्रदीप नरवाल याहून मोठं उदाहरण. हरयाणातल्या सोनीपत जिल्ह्यातल्या रिंढाणा गावचा हा पोरगा अठराव्या वर्षी लीगमध्ये आला. पहिल्या मोसमात बेंगळुरूकडून त्याला फारसं खेळायलाही मिळालं नाही. मग पाटण्याने त्याला घेतलं, पाटण्याने लागोपाठ तीन विजेतेपदं जिंकली आणि पाचव्या मोसमात त्याने एकट्याने चढाईत ३६९ गुण काढले. २०२५च्या लिलावात मात्र त्याच्यावर कुणी बोली लावली नाही. चढाईत १८०१ गुण नावावर असलेला हा खेळाडू अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाला. अठराव्या वर्षी जो उजेडात येतो त्याचे गुडघे, खांदे आणि घोटे अठराव्या वर्षापासूनच झिजायला लागतात.

याच्या उलट टोकाला कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई उभा आहे. हुंदळेवाडीचा हा गडी पंचविशी ओलांडल्यावर २०१८ साली यू मुंबाकडून पहिल्यांदा लीगमध्ये उतरला. किंमत ३६ लाख ४० हजार. त्या एका मोसमात त्याने चढाईत २१८ गुण घेतले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. तोवर तो कुठे होता? मातीवर खेळत होता, मुंबईच्या व्यावसायिक स्पर्धांत खेळत होता, अंग कमावत होता. लीगच्या हिशेबात तो उशिरा आला. आल्या आल्या मात्र तो तयार गडी म्हणूनच आला. पुढे खांद्याच्या दुखापतीने त्याचे मोसम खाल्ले, म्हणजे उशिरा आलेल्यालाही दुखापत सोडत नाही. फरक एवढाच की त्याच्या हाताशी वर्षं कमी असतात.

नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार या दोन टोकांच्या मधला. २०२१च्या अखेरीस तो नवा युवा खेळाडू म्हणून पुणेरी पलटणकडून उतरला, तेव्हा तो विशीच्या पहिल्या वळणावर होता. पलटणने त्याला सांभाळलं, कर्णधार केलं, आणि १ मार्च २०२४ रोजी हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुण्याने पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही अस्लमच. त्याआधी २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघात तो आणि नाशिकचा आकाश शिंदे असे दोघे मराठी खेळाडू होते.

वय आणि यश यांचा हा हिशेब कबड्डीच्या आधी अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये मांडला गेला. तिथल्या एनबीए लीगमध्ये नवे खेळाडू लिलावात घेत नाहीत. दरवर्षी संघ आळीपाळीने एकेक नवखा निवडतात आणि आदल्या वर्षी खाली राहिलेल्यांना आधी निवडण्याची संधी जास्त असते. १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट आणि १९९६ मध्ये कोबी ब्रायंट शाळेतून थेट लीगमध्ये आले आणि महान झाले. मग २००१ मध्ये क्वामे ब्राउन या शाळकरी पोराला पहिल्या क्रमांकावर निवडलं गेलं आणि ती अपेक्षा त्याला कधीच पेलली नाही. दोनच वर्षांनी त्याच क्रमांकावर शाळेतूनच आलेल्या लेब्रॉन जेम्सने खेळाचा इतिहास बदलला. २००६ पासून लीगने नियम केला, वयाची किमान १९ वर्षं आणि शाळा संपल्यावर मध्ये एक वर्ष. तिथल्या जाणकारांचा आजचा ठोकताळा असा: दोघांची कामगिरी सारखी असेल तर वयाने लहान असेल त्याला घ्यावं, कारण त्याची वाढ अजून बाकी आहे. पण ठोकताळा म्हणजे नियम नव्हे. २०१४ साली सर्बियातल्या सोंबोर शहरातल्या निकोला योकिचचं नाव ४१व्या क्रमांकावर पुकारलं गेलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

वयाचा हिशेब मांडण्यासाठी आधी वय खरं माहीत हवं. आपल्याकडे इथेच पहिली अडचण येते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात विचारा, १ जूनला वाढदिवस असलेली माणसं हमखास निघतील. शाळेत नाव घालताना घरच्यांना जन्मतारीख आठवत नसे. मग गुरुजी हिशेबाला सोयीची म्हणून १ जून लिहीत. ती तारीख दाखल्यावर आली, दाखल्यावरून आधारवर गेली. आता रुग्णालयात जन्मलेल्या पोरांचे दाखले नीट असतात, पण वाडी-पाड्यांवर असे कागद अजून सापडतात. तेव्हा कुमार गटातला एखादा पोरगा कागदावर एकोणीस आणि अंगाने सतरा असू शकतो, कुणी याच्या उलटही असतो. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या गटासाठी मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढून वय ताडतं, ते याच कारणाने.

तारीख खरी असली तरी ती कुठे पडते यालाही अर्थ असतो. कॅनडातल्या आइस हॉकीचा अभ्यास करणाऱ्या रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं, की वरच्या पातळीवरच्या कुमार संघांत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू फार जास्त असतात. तिथे वयोगट १ जानेवारीला मोजतात. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठा, म्हणून अंगाने थोराड. निवड त्याची होते, सराव त्याला मिळतो आणि दोन-तीन वर्षांत तो खरोखरच चांगला खेळू लागतो. लहान असलेला तोवर खेळ सोडून देतो. कबड्डीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात चौदाव्या-पंधराव्या वर्षी हा फरक डोळ्यांना दिसतो. आडदांड पोराला कोपरा मिळतो, लुकडा बदली खेळाडूंच्या रांगेत बसतो. त्या लुकड्याचा चवडा चपळ असेल, नजर पक्की असेल, तरी त्याचे दिवस येईपर्यंत त्याला कुणी धरून ठेवलं तर पाहिजे.

धरून ठेवण्याचा प्रश्न आला की घरादाराचा विषय येतो. गरिबीतून आलेलं पोरगं भुकेलेलं असतं, म्हणून तेच पुढे जातं, असं आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. बास्केटबॉलबद्दल अमेरिकेतही हाच समज होता. जोशुआ डब्रो आणि जिमी अॅडम्स या समाजशास्त्रज्ञांनी एनबीए खेळाडूंची घरची पार्श्वभूमी तपासली तेव्हा उलटच दिसलं. गरीब घरातून किंवा एकट्या पालकाच्या घरातून आलेल्या मुलाची लीगपर्यंत पोचण्याची शक्यता त्याच समाजातल्या बऱ्या परिस्थितीतल्या मुलापेक्षा कमी होती. लेब्रॉन जेम्सला एकट्या आईने हलाखीत वाढवलं हे खरं. पण आपण त्याची गोष्ट सांगतो ती तो पोचला म्हणून.

कर्जत-खालापुरात हे सगळ्यात ठळक दिसतं ते कातकरी वस्त्यांमध्ये. पावसाळा संपला, हाताला काम उरलं नाही, की कातकरी कुटुंबं पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते. परत येतात ती पावसाच्या तोंडाला. आता हे महिने मोजून पाहा. भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत, आणि गावोगावच्या कबड्डी स्पर्धांचा हंगामही तोच. ज्या महिन्यांत मैदानं चोपली जातात, वजनकाटे लागतात, जिल्ह्याच्या निवड समितीची माणसं सामने बघायला फिरतात, त्याच महिन्यांत हा मुलगा कुठेतरी चिखल कालवत, विटा थापत असतो. पकड करायला लागणारी मनगटाची ताकद त्याच्याकडे कुणाहूनही जास्त असेल. पण यादीत नावच नाही.

शेतकरी घरातल्या पोराची कथा वेगळी. त्याला सामने खेळायला मिळतात, पण सतरा-अठराव्या वर्षी खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत कंत्राटी काम मिळतं. बारा तासांची पाळी. रात्री दोनला अंतिम सामना संपतो, सहाला गाडी पकडायची असते. महिनाअखेरचे पैसे घरात लागतात आणि खेळाचं बक्षीस म्हणजे चषक आणि मंडळाने वाटून घ्यायची रक्कम. लीग ज्या वयात पोरं शोधते, नेमक्या त्याच वयात इथलं घर त्याच्याकडून पगार मागतं. अंग भरायला लागणारं दूध, अंडी, मटण रोज परवडत नाही. शिवाय तो मातीवर शिकलेला असतो आणि लीग मॅटवर खेळली जाते. मातीत पाय रुततो, मॅटवर बूट घालून वळावं लागतं. १३ बाय १० मीटरचं तेच मैदान, तरी वेग वेगळा, पडणं वेगळं.

हरयाणातही शेतकऱ्यांचीच पोरं खेळतात. पण तिथे पदकाला सरकारी नोकरी आणि रोख बक्षीस मिळतं हे गावाला वर्षानुवर्षं माहीत आहे, म्हणून घर मुलाला पाच वर्षं पोसायला तयार होतं. महाराष्ट्रात हे काम बरीच वर्षं मुंबईच्या व्यावसायिक संघांनी केलं. बँका, तेल कंपन्या, बंदर, रेल्वे, विमान कंपनी, मोटार कंपनी. यू मुंबा आणि यूपी योद्धाकडून खेळलेला रिशांक देवाडिगा भारत पेट्रोलियममध्ये नोकरीला लागला तो कबड्डीच्याच जोरावर. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला लागतं वरच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र, आणि ते मिळेपर्यंतची वर्षं घरालाच काढावी लागतात.

मुलींच्या वाट्याला तर प्रो कबड्डीच्या लिलावाचं टेबलही आलेलं नाही. २०१२ मध्ये पाटण्यात भारताने पहिला महिला विश्वचषक जिंकला. त्या संघातल्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघींना राज्य सरकारने प्रत्येकी १ कोटी रुपये दिले. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने तीन संघांची महिलांची स्पर्धा झाली, पण ती पुढे चालली नाही. त्यामुळे कर्जतच्या किशोरी गटात आज चांगल्या पकडी करणाऱ्या मुलीला अठराव्या वर्षी कोणती लीग हेरेल, हा प्रश्न विचारायलाही जागा नाही.

गावातल्या मंडळांच्या हातात लिलाव नाही, पण सरावाचे महिने आहेत. १५ जुलै हा कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. भर पावसात मैदान चिखलाने भरलेलं असतं, म्हणून त्या दिवशी बहुतेक ठिकाणी हार आणि भाषणं होतात. एखाद्या शाळेच्या पत्र्याखालच्या सभागृहात मॅट अंथरली, दिवसभराची लावणी आटोपल्यावर संध्याकाळी दोन तास सराव ठेवला आणि आलेल्याला उसळ-अंडी दिली, तर शेतकऱ्याचं पोर येईल आणि कातकरवाडीतलंही येईल. जुलैमध्ये भट्ट्या बंद असतात. पोरं गावातच असतात.