चारशेजणांना गेलेला निरोप

कर्ज मागायला गेलेल्या माणसाला बँकेतील साहेब आधी विचारतो, "सिबिल किती आहे?" आपण किती कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले की नाही, याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या असतात. त्यांना आपण नेमलेले नसते. परंतु आपले घर होणार की नाही, हे त्यांच्या आकड्यावर ठरते. अमेरिकेतील अशा तीन मोठ्या कंपन्यांपैकी एक म्हणजे अटलांटा शहरातील इक्विफॅक्स. स्थापना १८९९ सालची. भारतातही तिचा व्यवसाय आहे. २०१७ साली या कंपनीच्या अमेरिकेतील संगणकांतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावे, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक चोरीला गेले.

चोर दोषी आहेतच. २०२० साली अमेरिकन सरकारने चिनी सैन्यातील चौघांवर आरोप ठेवले. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. दार उघडे कोणी ठेवले?

कंपनीचे प्रमुख रिचर्ड स्मिथ २०१७ च्या सप्टेंबरअखेर निवृत्त झाले आणि ३ ऑक्टोबरला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. सॉफ्टवेअरमधील दोष दुरुस्त करण्याचा निरोप ज्या माणसाने पुढे द्यायचा, त्याने तो दिला नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणजे चूक एका माणसाची! साक्षीच्या आदल्याच दिवशी माहिती तंत्रज्ञान विभागातील एका अधिकाऱ्याला, ई-मेल पुढे पाठवला नाही म्हणून कामावरून काढण्यातही आले होते.

आता वस्तुस्थिती पाहू. अपाची स्ट्रट्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठे भगदाड असल्याचा इशारा सरकारी यंत्रणेने ८ मार्च २०१७ रोजी दिला. दुसऱ्या दिवशी कंपनीतील चारशेहून अधिक लोकांना ई-मेल गेला, ४८ तासांत दुरुस्ती करा. परंतु ग्राहकांच्या तक्रारी नोंदवणाऱ्या प्रणालीत हे सॉफ्टवेअर वापरले आहे, हे ज्या कर्मचाऱ्याला ठाऊक होते, त्याचे नाव त्या यादीतच नव्हते! चारशेजणांना सांगितले म्हणजे कोणालाच सांगितले नाही. दुरुस्ती झाली की नाही, हे खात्रीने विचारणारा कोणी नव्हता. १३ मे रोजी चोर आत शिरले आणि ७६ दिवस आत वावरले.

मग पहारा कुठे होता? पहारा होता, पण आंधळा. येणारी-जाणारी माहिती तपासणाऱ्या उपकरणाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत १९ महिन्यांपूर्वीच संपली होती. २९ जुलै रोजी ते बदलले आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसू लागली. अशी मुदत संपलेली तीनशेहून अधिक प्रमाणपत्रे कंपनीत होती, असे संसदीय समितीच्या डिसेंबर २०१८ च्या अहवालात नमूद आहे. ही चोरी पूर्णपणे टाळता आली असती, असा निष्कर्षही या अहवालाने काढला.

या अहवालातील आणखी एक गोष्ट प्रत्येक कंपनीने वाचावी अशी आहे. संगणक विभागाचा प्रमुख आणि सुरक्षेचा प्रमुख यांचे २००५ च्या सुमारास पटेनासे झाले. तेव्हा वाद मिटवण्याऐवजी सुरक्षा विभागच उचलून कायदा विभागाखाली टाकण्यात आला. ती माणसे पुढे बदलली, पण भिंत तशीच राहिली. धोका ओळखणारे एका बाजूला आणि दुरुस्ती करणारे दुसऱ्या बाजूला. त्यातच कंपनीने अठरा कंपन्या विकत घेतल्या, त्यांच्या तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रणा अंगावर घेतल्या. ज्या प्रणालीतून चोर शिरले, तिचे मूळ तर १९७० च्या दशकातले. नवे विकत घ्यायला पैसा होता. जुने बदलण्याचे काम मात्र रेंगाळत राहिले. आपल्याकडे कोणते सॉफ्टवेअर कुठे चालते, याची पूर्ण यादीदेखील कंपनीपाशी नव्हती.

हे सारे निर्णय कोणाचे? ई-मेल पुढे न पाठवणाऱ्याचे खचितच नव्हेत. निर्णय वरच्या मजल्यावर झाले आणि दोष खालच्या मजल्यावर वाटला गेला. ही रीत आमच्या वाचकांना नवी नाही.

कंपनीने २०१९ साली किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर देण्याची तडजोड केली. चोरीनंतर सुरक्षा प्रमुखाला थेट कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जबाबदार करण्यात आले. म्हणजे ही सुधारणा अशक्य नव्हती. ती चौदा कोटी माणसांची माहिती गेल्यावर सुचली, एवढेच.

हिंजवडी, ऐरोलीच्या कंपन्यांत आज आपली हजारो मुले-मुली रात्रपाळीत याच यंत्रणा सांभाळत आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे: आपल्या विभागाची यादी मागा. प्रत्येक यंत्रणेपुढे एका जबाबदार माणसाचे नाव आणि त्याला दिलेला अधिकार लिहून मागा. धोक्याची सूचना तोंडी देऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या. उद्या वरचा साहेब समितीपुढे "एका माणसाची चूक" म्हणेल, तेव्हा तो एक माणूस तुम्ही असू नये.