रस्त्याचा पैसा कोठे ठरतो?



हंगामात आम्ही शिवारात फिरतो तेव्हा एक गाऱ्हाणे हमखास कानी येते : "साहेब, फडापासून डांबरीपर्यंत वाट नाही, ट्रॅक्टर रुततो." तुटलेला ऊस पडून राहिला की वजन घटते, उताराही घटतो. वजनाचा तोटा एकट्या सभासदाचा, उताऱ्याचा सगळ्यांचा. सबब, रस्त्याचा पैसा कसा ठरतो हे समजून घेणे जरूर आहे.

पहिले, खर्चाचे दोन प्रकार. बैलजोडी घेणे हा भांडवली खर्च. रोजची वैरण हा महसुली. रस्ता, पूल, बंधारा बांधणे भांडवली. खड्डे बुजवणे महसुली. वैरणीची सोय न पाहता बैल घेणारा फसतो. देखभालीची तरतूद नसलेल्या रस्त्याचेही तेच होते.

दुसरे, काम कोणाचे? १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग त्यांच्याकडे. प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. १०० हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव-बंधारे जिल्हा परिषदेचे, त्याहून मोठे शासनाचे. वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर अर्ज तहसीलदारांकडे. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज नुसताच फिरत राहतो.

तिसरे, पैसा. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न थोडे. मोठी भिस्त शासनाच्या अनुदानावर व जिल्हा नियोजन समितीवर. १९९८ च्या कायद्याने झालेल्या या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. समिती जिल्ह्याची वार्षिक योजना ठरवते. त्यात नाव आले म्हणजे काम झाले असे नव्हे. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि मग कार्यादेश. मंजुरी वेगळी व तरतूद वेगळी. अहिल्यानगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची रेल्वे काही जिल्हा परिषदेचे काम नव्हे, पण धडा तोच. मंजुरी १९९५ ची, पुढे निम्मा वाटा राज्याने उचलला, आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी.

मग सभासदाने काय करावे? वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. तेथे गावचा विकास आराखडा ठरतो. पारावर बोलून उपयोग नाही. रस्त्याचा ठराव लेखी करून घ्यावा, नक्कल जवळ ठेवावी आणि तीन गोष्टी विचाराव्यात : रस्ता कोणत्या यादीत आहे? यंदा तरतूद किती? देखभाल कोण करणार?

ऊस वेळेवर गव्हाणीत पडायचा तर रस्त्याची तयारी लागणीच्या वेळीच सुरू करावी, एवढीच विनंती.

— ऊस विकास विभाग